नवी की टाकली तर जुने ४७ दिवस बुडतात का?

कोयनाकाठ
रविवार, रात्री १०:४०

मंडळी, कराडात आपलं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. तीन मशीन. तिन्हींवर पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस, तीन युजरचा एक पॅक, एकच की (लायसन्सचा कोड). ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा ब्रँडच्या भांडणात जाणार आणि माझा प्रश्न बाजूला राहणार.

मुदत संपायला ४७ दिवस आहेत. पण गेले पंधरा दिवस कोपऱ्यात लाल पट्टी येतेय, ‘आजच रिन्यू करा’. गिऱ्हाईक शेजारी बसून लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत असतं आणि ती पट्टी नेमकी ‘चि. सौ. कां.’वर येऊन बसते. पट्टीवर क्लिक केलं तर तीन युजर, एक वर्ष, २१९९ रुपये. परवा कागद आणायला पुण्याला गेलो होतो. तापकीर गल्लीत तोच पॅक, तेच तीन युजर, तेच एक वर्ष, सीलबंद ११५० ला मिळाला. घेतला. पक्कं बिलही घेतलं.

आता पेटी उघडून समोर ठेवलीय, की अजून खरवडलेली नाही, कारण धीर होत नाही. आज टाकली तर उरलेले ४७ दिवस पुढच्या वर्षात धरतात की बुडतात? बुडत असतील तर ४७ दिवस थांबतो, आपली काही घाई नाही. पण थांबलो आणि मधल्या एखाद्या दिवशी उघडा पडलो तर? आणि की तिन्ही मशीनवर वेगवेगळी टाकायची की एकदाच?

ता.क. पेटीत एक सीडी निघाली. तिन्ही मशीनला सीडी ड्राइव्ह नाही.


उगाच एक
रविवार, रात्री १०:५२

अकराशे पन्नास पाण्यात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आतच येतो. फुकट आहे, पुरेसा आहे. पुढचा प्रश्न.


पॉपकॉर्न
रविवार, रात्री १०:५८

पहिल्याच प्रतिसादात डिफेंडर! खुर्ची ओढून बसलो आहे.


कोयनाकाठ
रविवार, रात्री ११:१५

@उगाच एक, घरच्या लॅपटॉपवर मीही डिफेंडरच वापरतो. पण झेरॉक्सच्या दुकानात एकदा दिवसभर बसून बघा. कॉलेजच्या पोरांचे, तलाठी कार्यालयात हेलपाटे घालणाऱ्यांचे, भजनी मंडळाच्या वहीवाल्यांचे, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह आमच्याच तोंडात येतात. तो शॉर्टकटवाला व्हायरस आठवतोय? पेन ड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट, खऱ्या फायली लपवलेल्या. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्याच मशीनने खाल्ल्या. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री एक पोरगी काउंटरवर रडत उभी होती. ॲट्रिब कमांड मारून फायली परत आणल्या, पण तेव्हापासून मी पैसे भरतो. पेन ड्राइव्ह घातला रे घातला की तो आपोआप स्कॅन होतो आणि ते गिऱ्हाइकाला दिसतं. मला विश्वास विकायचा असतो.

तेव्हा डिफेंडर चांगला की वाईट यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.


जुना डीलर
सोमवार, सकाळी ७:३०

बावीस वर्षं हाच माल विकतोय, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे खरवडायला नखही लावू नका. की उघडी झाली की कुठलाच दुकानदार पेटी परत घेत नाही, मीही घेत नाही. खरवडलेली पेटी म्हणजे फोडलेला नारळ.

खरवडायच्या आधी पेटीवरचं नाव आणि तुमच्या मशीनवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच कंपनीचे ‘प्रो’, ‘इंटरनेट सिक्युरिटी’, ‘टोटल सिक्युरिटी’ असे तीन-चार माल असतात आणि पेट्या लांबून एकाच घरातल्या बहिणी दिसतात. ‘टोटल’ची मुदत ‘प्रो’च्या पेटीने वाढवायला जाल तर काही ठिकाणी की लागतच नाही आणि काही ठिकाणी लागते, पण तुमचा माल खालच्या दर्जाचा करून टाकते. युजरची संख्याही बघा. तीन युजरच्या लायसन्सला एक युजरची पेटी जोडायला जाऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. अँटिव्हायरस हा डबा नाही आणि सीडी तर नाहीच. कंपनीच्या सर्व्हरवर एक वही आहे. त्या वहीत तुमच्या जुन्या कीचं एक पान आहे: कुणाच्या ईमेलवर, किती मशीनवर, कधीपर्यंत. नवी की म्हणजे ३६५ दिवसांची पावती. ती जुन्या पानावर चिकटवली तर दिवस वाढतात. तिच्यासाठी नवं पान उघडलंत तर ३६५ आजपासून मोजायला लागतात, आणि जुन्या पानावरचे ४७ दिवस तिथेच पडून वाळतात.

लोक नेमकं काय करतात? जुना अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करतात, मशीन रीस्टार्ट करतात, वेबसाइटवरून नवा उतरवतात आणि नवी की टाकतात. सगळं नीट चालतं, हिरवी टिक येते, माणूस खूश. दिवस बुडालेले त्याला कळतही नाहीत, कारण जुने किती उरले होते हे त्याने लिहूनच ठेवलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांनी हेच केलेलं असतं.

बरोबर वाट म्हणजे जुना काढायचा नाही. आत ‘रिन्यू’मध्ये जायचं. तिथे पैसे भरायचं बटण डोळ्यांत भरेल असं मोठं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘माझ्याकडे आधीच की किंवा कोड आहे’ अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ तुमची.

पण जोडणं, न जोडणं सगळीकडे सारखं नाही. नॉर्टनमध्ये खात्यात लॉगिन करून त्याच मालाची नवी की टाकली तर उरलेले दिवस पुढे धरले जातात. कॅस्परस्कीमध्ये नवा कोड राखीव म्हणून टाकून ठेवायची सोय आहे. चालू मुदत संपली की तो आपोआप लागू होतो, म्हणजे उघडे पडण्याचा प्रश्नच नाही. काही कंपन्यांत नव्या गिऱ्हाइकाची की आणि रिन्यूअलचा कोड ही दोन वेगळी जनावरं असतात आणि एकाच्या गोठ्यात दुसरं चालत नाही. म्हणून कंपनीला ईमेल करा. फोनवर ‘हो हो, जोडले जातील’ म्हणणारा मुलगा उद्या भेटत नाही. ईमेल राहतं.


ताळेबंद
सोमवार, सकाळी ९:०५

जुना डीलर यांना दंडवत. वही आणि पान हा दृष्टान्त आमच्या ऑफिसात आजच वापरला.

एक शंका. आतून २१९९ आणि दुकानात ११५०, एवढी तफावत का? बनावट तर नसेल?


जुना डीलर
सोमवार, सकाळी ९:४०

बनावट असू शकते, पण तफावत हा काही त्याचा पुरावा नाही. आतली पट्टी साधारण छापील किमतीच्या आसपास मागते, कारण तिला ठाऊक असतं की तुम्ही घाबरलेले आहात आणि कार्ड हाताशी आहे. पेटीवर मात्र वितरकाची स्कीम असते, आमची आपसातली मारामारी असते, मार्चअखेर टार्गेट असतं. अडीच हजार छापलेली पेटी छापील किमतीला विकली असं मला तरी आठवत नाही. वर जीएसटी १८ टक्के धरूनही आम्हाला परवडतं.

खरं खोटं ओळखायचं तर बिल बघा. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल आणि त्यावर पेटीचा सीरियल नंबर असेल तर निर्धास्त. आमचे दोघंतिघं सीरियल नंबर हाताने बिलावर लिहून देतात. दिला नाही तर मागा.


फुकटफौजदार
सोमवार, दुपारी १:२०

११५० तरी कशाला? व्हॉट्सॲप ग्रुपवर की १९९ ला मिळते. फोटो येतो, टाकायची, विषय संपला. दोन वर्षं वापरतोय.


जुना डीलर
सोमवार, दुपारी १:४८

दोन वर्षांत किती वेळा की बदललीत ते पण लिहा की.


फुकटफौजदार
सोमवार, दुपारी २:०२

चार वेळा. पण तो बदलून देतो बिचारा.


पॉपकॉर्न
सोमवार, दुपारी २:०३

१९९ गुणिले... जाऊ द्या.


जुना डीलर
सोमवार, दुपारी २:३०

हिशोब सोडा, ती की कुठून येते ते सांगतो. कुठल्यातरी संस्थेने पन्नास-शंभर मशीनसाठी घेतलेलं लायसन्स असतं, त्यातल्या न वापरलेल्या जागा तुकड्या तुकड्याने विकतात. किंवा दुसऱ्या देशातली स्वस्त की. किंवा चोरीच्या कार्डाने घेतलेली. कंपनीच्या लक्षात आलं की ते पान फाडतात आणि त्यावरचे सगळे एकाच दिवशी बाहेर. तुमच्या हातात बिल नाही, तक्रार कुणाकडे करणार? आणि तो बिचारा ‘की लागत नाही, मी रिमोटने लावून देतो’ म्हणाला की ज्या मशीनला कुलूप लावायचं होतं त्याच मशीनच्या चाव्या तुम्ही त्याला दिल्यात.


एडिसनकर
सोमवार, दुपारी ४:१०

न्यू जर्सीतून. दुसऱ्या देशातल्या कीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी उलटं केलं होतं. पुण्याहून येताना चकली, भाजणी आणि अँटिव्हायरसच्या दोन पेट्या आणल्या, कारण इथल्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळत होत्या. चकली कस्टममधून सुटली, की सुटली नाही. टाकल्यावर ओळ आली की हा कोड या प्रदेशासाठी नाही. ब्रँड सांगत नाही, त्यात त्यांची चूकही नव्हती. पेटीवर बारीक अक्षरांत ‘फक्त भारत व शेजारील देशांत विक्रीसाठी’ असं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. शेवटी भावाने त्या पेट्या त्याच्या ऑफिसात वापरल्या.

आणि वर कॅस्परस्कीचा विषय निघालाय. इकडे कुणी असाल तर लक्षात असू द्या, अमेरिकेत ते आता शक्यच नाही. जून २०२४ मध्ये इथल्या वाणिज्य खात्याने बंदी घातली, जुलैत नवी विक्री थांबली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर अपडेट देणंही बंद झालं. ग्राहकांना अल्ट्राएव्ही नावाच्या दुसऱ्याच अँटिव्हायरसकडे वळवलं गेलं. मुदत कितीही उरलेली असो, अपडेट नसलेला अँटिव्हायरस म्हणजे झोपलेला वॉचमन. भारतात तसं नाही, त्यामुळे आईबाबांच्या मशीनवर तो बघून घाबरू नका.


पाटीपेन्सिल
सोमवार, सायंकाळी ६:३५

खरवडण्यावरून माझं पुराण. मी शाळेत शिक्षिका, नाशिकला. शाळेसाठी घेतलेली पेटी. स्टाफरूममध्ये कौतुकाने पाच रुपयांच्या नाण्याने खरवडायला बसले. राखाडी पापुद्रा निघाला, आणि त्याखालच्या छपाईची साल पण निघाली. वीस अक्षरांपैकी एक अर्धं गेलं. इंग्रजी बी असेल किंवा आठचा आकडा. त्याच्या पुढचं शून्य की ओ, तेही कळेना. चित्रकलेचे सर भिंग घेऊन आले, शिपाईमामांनी मोबाइलची बॅटरी धरली, तीन जणांचं तीन मत. मी एकामागून एक टाकत गेले. चार-पाच चुकीच्या खेपा झाल्यावर त्या खिडकीने काही वेळासाठी दारच बंद केलं.

शेवटी पेटीचा, सीरियल नंबरचा, बिलाचा आणि त्या खरवडलेल्या पट्टीचा असे फोटो ईमेलने पाठवले. दोन दिवसांनी पूर्ण की ईमेलवर आली. तो बी होता.

तेव्हापासून नाणं नाही. ओल्या कापसाने पट्टी पुसायची आणि कडेने बोटाच्या नखाने हलकेच. खरवडून झालं की टाकायच्या आधी फोटो, कारण ती पट्टी वर्षभर कपाटात राहिली की शाई पुसट होते.


जुना डीलर
सोमवार, सायंकाळी ७:००

ताई, हे प्रिंट काढून दुकानात लावतो. पुढच्यांसाठी अजून एक: आधी अक्षरं मोजा. कॅस्परस्कीचा कोड वीस अक्षरांचा, पाच-पाचच्या चार गटांत. नॉर्टनची की पंचवीसची. पुष्कळदा लोक कीऐवजी सीरियल नंबर किंवा बारकोडखालचा आकडाच टाकत बसतात आणि मला फोन करतात की पेटी खोटी दिली.


ताळेबंद
मंगळवार, सकाळी ११:१५

आमच्याकडचा किस्सा. सीएचं ऑफिस, सात मशीन. रिटर्नच्या हंगामात एका मशीनवर नवी की काही केल्या लागेना. इंटरनेट चालू, की बरोबर, तीच कंपनी, तोच माल. दोन तास गेले. आर्टिकलशिपचा मुलगा सहज म्हणाला, सर, घड्याळ बघा. उजव्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला. मशीन स्वतःला २००९ सालात समजत होतं, त्यामुळे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नव्हती. सीआर२०३२ चा सेल, चाळीस रुपये. तारीख नीट केली, की पहिल्या फटक्यात लागली.

रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या दुकानांत हे फार होतं. कोयनाकाठ, तुमचं काय?


कोयनाकाठ
मंगळवार, दुपारी १२:०५

@ताळेबंद, मेन स्विच रोज बंद. आत्ताच तिन्ही तारखा बघितल्या. दोन बरोबर, तिसरं सव्वा तास मागे. सेल आणायला पोराला पाठवलंय.

जुना डीलर, तुमचं ऐकून पेटीवरचं नाव जुळवलं, तंतोतंत तेच आहे. कंपनीला ईमेलही टाकलं, जुनी की, ४७ दिवस, पेटीचा सीरियल नंबर, सगळं लिहून. आता वाट बघतो. तिसरं मशीन विंडोज ७ वर आहे, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर दुसरीकडे बसत नाही म्हणून. चालेल ना?


जुना डीलर
मंगळवार, दुपारी १२:३०

विंडोज ७ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला काढला. हळूहळू अँटिव्हायरसवालेही नवी आवृत्ती त्याला देत नाहीत. पेटीच्या मागे ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ म्हणून चौकट असते, ती वाचा. ७ नसेल तर त्या मशीनवर जुनी आवृत्ती तशीच ठेवा, तिला वर चढवायला जाऊ नका. आणि जमलं तर त्या मशीनचं नेट काढा, फक्त छापायला ठेवा.

बाकीची दोन विंडोज १० वर असतील तर तेही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय. पण एकावेळी एकच दुखणं.


सायंफेरी
मंगळवार, रात्री ९:२०

वय ७१. निवृत्त बँक अधिकारी. हे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला.

गेल्या वर्षी मुदत संपली, नवी पेटी आणली, की लागेना. कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं. सर्वांत वर जो आला तो लावला. समोरचा अस्खलित मराठी बोलत होता, ‘काका, काळजी करू नका’. एक ॲप घ्यायला सांगितलं, माझा स्क्रीन त्याला दिसू लागला. काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं सरकू लागली, म्हणाला तुमच्या मशीनमध्ये अठ्ठावीस घुसखोर आहेत. ४९९९ रुपयांत ‘आयुष्यभराचं’ लायसन्स. मी भरले. मग म्हणाला, पावती बँकेत अडकलीय, नेटबँकिंग उघडा. चाळीस वर्षं बँकेत काढून मी ते उघडलं. तेवढ्यात मुलगी आत आली, तिने एक शब्द न बोलता प्लगच उपटला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला, त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. ४९९९ परत आले नाहीत. खातं वाचलं. अँटिव्हायरसची ती खरी पेटी तशीच पडून होती, की लागत नव्हती कारण मी ती मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाकत होतो.


पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ९:३१

काका, लिहिलंत हे फार बरं केलंत.


एडिसनकर
मंगळवार, रात्री ९:५०

काका, इकडेही हाच धंदा आहे, फक्त सुरुवात ईमेलने होते. ‘तुमचं लायसन्स रिन्यू झालं, ३९९ डॉलर कापले, नको असेल तर या नंबरवर फोन करा’. पावती हुबेहूब. माझ्या शेजारी एक निवृत्त प्रोफेसर, तेही फोन करून बसले होते. नंबर नेहमी पेटीवरचा किंवा प्रोग्रामच्या आतल्या ‘मदत’मधला.


उगाच एक
मंगळवार, रात्री १०:१४

मी सुरुवातीला उगाच खोचक लिहिलं. काकांचं वाचून गप्प बसलो. एकच भर घालतो, ती भांडायला नाही. दुसरा अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो आणि तो काढून टाकला की परत कामाला लागतो. म्हणजे कोयनाकाठ, एखाद-दोन दिवसांची फट पडली तरी विंडोज ७ वालं मशीन सोडून तुम्ही अगदीच उघडे नाही. घाबरून त्या लाल पट्टीला २१९९ देऊ नका.


ताळेबंद
बुधवार, सकाळी १०:००

ऑटो-रिन्यूअलचा मुद्दा राहिलाय. काही परदेशी ब्रँडच्या रिटेल की टाकताना कार्डाचा तपशील मागतात, म्हणजे वर्षाने आपोआप कापायला मोकळे. भारतात १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि पहिल्यांदा परवानगी द्यावी लागते. ओटीपीशिवायची मर्यादा आधी पाच हजार होती, जून २०२२ पासून पंधरा हजार. अँटिव्हायरस त्याच्या आतच बसतो. त्यामुळे तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. बँकेच्या ॲपमध्ये मँडेटची, म्हणजे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी असते, तिथून रद्द करता येतं.

आणि रिटेल पेटीची गंमत हीच की तिला तुमचं कार्ड लागायला नको. लागत असेल तर ती घ्यायचीच कशाला?


सायंफेरी
बुधवार, सकाळी ११:४५

अवांतर. १९९२ च्या मार्चमध्ये आमच्या शाखेत मायकेलअँजेलो व्हायरसची धास्ती होती. ६ मार्चला मशीन चालूच करायचं नाही असा हुकूम. तेव्हा अपडेट फ्लॉपीवर यायचं. पुढे पुण्याच्या काटकर बंधूंनी क्विक हील काढलं. थोरले कैलास यांचा कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा व्यवसाय, धाकटे संजय यांनी प्रोग्राम लिहिला. २०१६ मध्ये त्या कंपनीचा आयपीओ आला तेव्हा जुन्या सहकाऱ्यांत चर्चा होती की अरे, यांचा माणूस तर आपल्याकडे फ्लॉपी घेऊन यायचा. तेव्हा की वगैरे काही आठवत नाही. माणूस यायचा, चहा घ्यायचा, फ्लॉपी घालायचा.


जुना डीलर
बुधवार, दुपारी १२:१०

तो चहा पिणारा माणूस म्हणजेच आम्ही, काका.


कोयनाकाठ
शनिवार, रात्री ९:३०

अपडेट. कंपनीचं ईमेल आलं, चार ओळींचं. दिवस जोडले जातील, पण जुनं न काढता आतूनच की टाका, असं स्पष्ट लिहिलंय. आज ४१ दिवस उरले होते. दुकान बंद झाल्यावर बसलो. आधी तिन्ही स्क्रीनचे फोटो काढले. ओला कापूस, नख, पाटीपेन्सिल पद्धत. की स्वच्छ निघाली.

पहिल्या मशीनवर रिन्यूमध्ये गेलो, ती बारीक ओळ शोधायलाच पाच मिनिटं लागली. की टाकली. गोल फिरत राहिलं. मग आलं: ४०६ दिवस. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, बरं मग?

दुसऱ्या मशीनवर तीच की टाकली, तर ‘ही की आधीच वापरली गेली आहे’. पोटात गोळा आला. तीन युजरचे पैसे भरलेत आणि एकावरच संपली? जुना डीलर, कुठे आहात?


जुना डीलर
शनिवार, रात्री ९:४१

इथेच. परत टाकू नका! पावती एकदाच चिकटवायची असते, पान तर तिन्ही मशीनचं एकच आहे. दुसऱ्या मशीनवर नुसतं अपडेट दाबा, झालं की रीस्टार्ट.


कोयनाकाठ
शनिवार, रात्री ९:५८

४०६! तिसऱ्यावरही ४०६, विंडोज ७ सकट.


जुना डीलर
शनिवार, रात्री १०:०५

आता शेवटचं काम. उद्या मशीन फॉरमॅट मारलं तर कुठली की टाकाल?


कोयनाकाठ
शनिवार, रात्री १०:०७

नवीन?


जुना डीलर
शनिवार, रात्री १०:१५

इथेच सगळे फसतात. तुमच्या कंपनीच्या पद्धतीत नवीन आता खर्च झालेली पावती आहे. पान जुन्या कीच्या नावाने आहे, तेव्हा जुनीच. प्रोग्रामच्या आत ‘लायसन्स’ किंवा ‘अबाउट’मध्ये जी की दिसते ती वहीत लिहून ठेवा. आणि फॉरमॅट मारायच्या आधी तिथूनच डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर वहीत जुनं मशीन बसलेलंच राहतं आणि तेच मशीन चौथं म्हणून मोजलं जातं.


कोयनाकाठ
रविवार, सकाळी ८:५०

बघितलं, आत जुनीच दिसतेय. दोन्ही की, बिल आणि ते ईमेल, चारही एका कागदावर छापून लॅमिनेट करून काउंटरच्या आतल्या बाजूला लावले. लॅमिनेशन आपलंच, खर्च शून्य.


पॉपकॉर्न
रविवार, सकाळी ९:१२

सगळं झालं, पण सीडीचं काय केलंत?


कोयनाकाठ
रविवार, सकाळी ९:२०

वडिलांनी शेतात नेली. शाळूवर पाखरं फार येतात, काठीला बांधलीय. ते म्हणाले, गेल्या वर्षीचीही आण.